पुढच्या वर्षी पाहू

“काठी एवढी आखूड धरतात का? आण इकडे.”

दुमानने बायकोच्या हातातली काठी ओढून घेतली, पेच सैल करून चार बोटं वाढवली आणि परत तिच्या हातात कोंबली. मग दोन पावलं मागे सरून त्याने तिला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. शाळेत तपासनीस यायचे त्या दिवशी तो वर्गांवरून अशीच नजर फिरवायचा.

“टोपी सरळ कर. फोटोत कपाळ दिसलं पाहिजे.”

पिल्नामने टोपी सरळ केली. सकाळचे सात वाजले होते. डोंगराच्या पायथ्याशी, जुंगसानरीच्या वाहनतळावर बसमधून उतरलेली माणसं वाकून बुटांच्या नाड्या आवळत होती, एकमेकांच्या पिशव्यांत काकड्या आणि उकडलेली अंडी कोंबत होती. ऑक्टोबरच्या गारठ्यात प्रत्येकाच्या तोंडातून वाफ निघत होती. या दोघांच्या अंगात एकाच लाल रंगाची जाकिटं होती. दुमानने ती जिंजूच्या बाजारातून आणली होती आणि तिचं एक माप मोठं आलं होतं. बदलून आणा म्हटल्यावर तो म्हणाला होता, “आत स्वेटर घाल, बरोबर होईल.”

त्याने मोबाइल हातभर लांब धरला. “मंडळी, नमस्कार! आज आमच्या लग्नाला पस्तीस वर्षं झाली. लोक हॉटेलात जेवायला जातात. आम्ही कुठे निघालोय? चॉनवांग शिखर! एकोणीसशे पंधरा मीटर! आमच्या सौभाग्यवतींची शिखराची ही पहिलीच खेप. अगं, बोल काहीतरी.”

“काय बोलू?”

“म्हण, नवऱ्याच्या भरवशावर निघालेय.”

पिल्नामने तोंड उघडलं आणि तिला खोकला आला. कोरडा, एकामागून एक. तो थांबेपर्यंत दुमान मोबाइल धरून उभा राहिला.

“हा तुकडा कापून टाकू,” तो म्हणाला. “चल. वरची हवा लागली की जाईल खोकला. डोंगराची हवा फुप्फुसं धुऊन काढते.”

हे वाक्य तो जुलैपासून म्हणत होता. जुलैत तिच्या छातीचा फोटो काढला तेव्हा उजव्या फुप्फुसात डाग दिसला होता. डॉक्टर म्हणाले, सध्या लहान आहे, सहा महिन्यांनी पुन्हा बघू. तिने घरी येऊन सांगितलं, तेव्हा दुमान टीव्हीसमोर सफरचंद सोलत होता. “या वयात प्रत्येकाच्या आत काही ना काही सापडतं. यंत्रं फार बारीक बघायला लागलीत आजकाल,” तो म्हणाला आणि सफरचंदाची एक फोड तिच्या पुढे केली.

वाट सुरुवातीपासूनच दगडांची होती. दुमान पुढे. गावच्या शनिवारच्या गिर्यारोहण मंडळाचा तो अध्यक्ष. बासष्टाव्या वर्षीही मांड्या खांबासारख्या. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला तो मोठ्याने “सावकाश या, जपून!” म्हणायचा. त्याच्या पिशवीत मंडळाने करून दिलेला कापडी फलक होता: ‘पस्तीस वर्षं, एकच वाट. बे दुमान, चो पिल्नाम.’ तो शिखरावर उलगडायचा होता.

पिल्नाम हे खरं तर पुरुषी नाव. तिसरी मुलगी झाल्यावर पुढचा तरी मुलगा व्हावा म्हणून बापाने ठेवलेलं. झालाही मुलगा. “नावाचा उपयोग झाला, माझा नाही,” असं ती हसत सांगायची. हसवण्यात ती पटाईत होती. शाळेच्या स्वयंपाकघरात पाच बायका होत्या आणि कढया उकळायला लागल्या की पाचही जणी तिच्या तोंडाकडे बघायच्या, आता ही काय बोलते म्हणून.

ती शाळा गावातली खासगी माध्यमिक शाळा होती. दुमान तिथे कार्यालयाचा प्रमुख होता, या फेब्रुवारीत निवृत्त झाला. पिल्नाम तिथेच एकोणीस वर्षं स्वयंपाकाला. नोकरी त्यानेच लावून दिली होती आणि पहिल्याच सकाळी जोडे घालता घालता बजावलं होतं, “शाळेत ‘अहो’ म्हणायचं नाही. साहेब म्हणायचं. स्वयंपाकघरातली बाई माझी बायको आहे हे चारचौघांत बरं दिसत नाही.” सगळ्या शाळेला माहीत होतं. तरी एकोणीस वर्षं ती व्हरांड्यात त्याला वाकून नमस्कार करायची आणि तो मान हलवून पुढे जायचा. जेवणाच्या सुट्टीत तो शिक्षकांबरोबर बसून कटलेट खायचा आणि रात्री घरी येऊन म्हणायचा, “आज छान खरपूस झाली होती.”

कटलेटच्या दिवशी सकाळी आठपासून तेल तापायचं. धूर ओढून घेणारा पंखा त्या कढयांच्या वर लोखंडी टोपीसारखा लटकत होता, पण तो ओढत काहीच नव्हता, नुसता घरघरायचा. माश्या येतात म्हणून खिडक्या बंद. निळसर धूर छतापर्यंत जायचा आणि तिथून जागा न मिळाल्यासारखा परत खाली, तोंडावर यायचा. सगळ्यात वडील होती सुनदॉक. पिल्नाम तिला ताई म्हणायची. सुनदॉकताई म्हणायची, “मुलं कटलेट खातात, आपण धूर खातो. पोट दोघांचंही भरतं.”

ताई मार्चमध्ये गेली. फुप्फुसाचा कर्करोग. आयुष्यात तिने सिगरेट ओढली नव्हती.

कातळाच्या सुळक्यापाशी पहिला थांबा झाला. वाटेच्या कडेला तलवारीसारखा उभा असलेला तो दगड. दुमानने तिला त्याच्यापुढे उभी करून फोटो काढला. “हस की जरा. वाढदिवस कुणाचा नाही, लग्नाचा आहे!” आणि आपल्या विनोदावर स्वतःच हसला. पिल्नाम पाणी प्यायली. घशातून पाणी जाताना आत काहीतरी खरखरलं.

तिला हसू येत नव्हतं त्याचं कारण नऊ दिवसांपूर्वीचं होतं. याच डोंगराच्या तयारीत दुमानने तिला आपला गुडघ्याचा पट्टा शोधायला सांगितला. निवृत्तीच्या दिवशी तो शाळेतून दोन खोकी घेऊन आला होता आणि ती तशीच कपाटावर पडून होती. पट्टा दुसऱ्या खोक्याच्या तळाशी असेल म्हणून तिने सगळं उपसलं. मानचिन्हं, डायऱ्या, एक बुद्धिबळाचा पट. आणि तळाशी, एका जुन्या कॅलेंडरच्या पोटात घडी घालून ठेवलेले तीन कागद.

सुनदॉकताईचं अक्षर तिने लांबूनच ओळखलं. मोठं, गोल, ओळ सोडून वर चढणारं. ‘स्वयंपाकघरातला पंखा धूर ओढत नाही. डोळे जळतात, खोकला थांबत नाही. कृपया पंखा बदलावा.’ खाली पाच जणींच्या सह्या. चौथी तिची स्वतःची. सहा वर्षांत असे तीन अर्ज. आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात लाल शाईत, देखण्या, उभ्या अक्षरात शेरा: ‘निधी नाही. पुढच्या वर्षी पाहू.’

लाल शाईचं अक्षर तर तिला त्याहून ओळखीचं होतं. त्याच अक्षरात घरच्या फ्रिजवर चिठ्ठ्या लागायच्या.

ताईची मुलगी दाउन एप्रिलमध्ये त्यांच्या घरी आली होती. आईच्या आजाराचा कामाशी संबंध होता असा दावा तिने सरकारी कार्यालयात केला होता आणि कार्यालय पुरावा मागत होतं. ‘काका, आई म्हणायची अर्ज केले होते. तुमच्याकडेच दिले होते.’ दुमानने तिच्यापुढे स्वतःच्या हाताने चहा ठेवला, तिच्या आईची खूप स्तुती केली आणि म्हणाला, ‘पोरी, असा एकही अर्ज आमच्याकडे आला नाही. आला असता तर मी स्वतः पंखा बसवला असता.’ पिल्नाम तेव्हा शेजारीच बसली होती. तिने स्वतःच्या हाताने सही केली होती, ती एकदा म्हणालीही, “अहो, दिले होते ना आम्ही.” त्यावर तो शांतपणे म्हणाला, “तुम्ही मुख्याध्यापकांकडे दिले असतील. मधेच गहाळ झाले असतील.” आणि तिने, पस्तीस वर्षं करत आली तसंच, मान खाली घातली होती.

त्या मान खाली घालण्याचा राग तिला दुमानवरच्या रागापेक्षा जास्त होता. नऊ दिवस ती भात रांधत होती, त्याच्या शर्टांना इस्त्री करत होती, आणि आत काहीतरी तेलासारखं तापत होतं. तो प्रवासाची आखणी मोठ्याने वाचून दाखवत होता. ती ‘हं’ म्हणत होती.

साडेदहाला ते अर्ध्यावरच्या विश्रामघराशी पोचले. ओट्यांवर माणसं दाटीने बसून किंबाप, भाताच्या गुंडाळ्यांचे तुकडे, खात होती. शेजारच्या ओट्यावर बुसानहून आलेलं एक जोडपं होतं, साठीचं. बाईने पिल्नामचा खोकला ऐकला आणि न विचारता गरम पाण्याचा पेला पुढे केला.

“ताई, बरं वाटत नाहीये का?”

“सवय नाही हो तिला,” उत्तर दुमानने दिलं. “आज आमच्या लग्नाचा वाढदिवस. पस्तीस वर्षांपूर्वी हिला लग्नानंतर तिसऱ्याच दिवशी इथे आणली होती. आणि काय सांगू! पाऊस आला धो-धो. हिच्या पायात नव्या नवरीचे जोडे. मी म्हटलं, तू बस इथे पडवीत, मी शिखर गाठून येतो. तीन तासांनी येऊन बघतो तर बाईसाहेब तिथेच, त्याच जागी! हललीसुद्धा नाही!”

बुसानवाले गृहस्थ मोठ्याने हसले. त्यांची बायको हसली नाही.

“तीन तास?” ती म्हणाली. “पावसात?”

“चार,” पिल्नाम म्हणाली.

“चार असतील. पण तक्रार केली नाही हो एका शब्दाने. पस्तीस वर्षांत या बाईने मला एकदाही त्रास दिला नाही. असं माणूस मिळायला नशीब लागतं.”

त्याने तिच्या खांद्यावर थाप मारली. पिल्नामने किंबापचा तुकडा तोंडात घातला आणि गिळायचा विसरली. तिला तो दिवस आठवत होता. पडवीतून पाणी गळत होतं आणि ती हलली नव्हती, कारण ‘इथून हलू नको’ असं तो सांगून गेला होता. हललेली दिसली तर तो रागावेल, एवढंच तिला वाटत होतं. तेवीस वर्षांची होती ती.

“तुम्ही परत फिरा, ताई,” बुसानची बाई हळूच म्हणाली. “शिखर काय, पुढच्या वर्षीही तिथेच असेल.”

“नाही,” पिल्नाम म्हणाली. “पुढच्या वर्षी नको.”

ती उठली.

विश्रामघराच्या वर एक देऊळ आहे, त्याच्या पुढे वाट अंगावर येते. पायऱ्या, कातळ, पुन्हा पायऱ्या. पिल्नाम वीस पायऱ्या चढायची आणि काठीवर ओणवी व्हायची. छातीत हवा शिरायची पण तळाशी पोचायची नाही, वरच्यावर परत फिरायची. मेपलची पानं लालभडक झाली होती आणि लोक थांबून थांबून फोटो काढत होते. तिला फक्त समोरच्या पायरीची कड दिसत होती.

शिखराच्या खाली झरा आहे. त्याच्या जरा वर, लोखंडी कठडा जिथे सुरू होतो तिथे, तिला जोराची उबळ आली. ती कठड्याला धरून खाली बसली. वरून उतरणारे चार-पाच जण थबकले. एका तरुणाने विचारलं, “मावशींना काही होतंय का? बचाव पथकाला फोन करू?”

दुमान वरून चार पायऱ्या उतरून आला. “नको, नको. काही नाही. वय झालं आता. जन्मभर चुलीपुढे उभी राहिली, चालण्याची सवय नाही. जा तुम्ही, जपून जा!” आणि लोक पांगल्यावर दबक्या आवाजात, “अगं, ऊठ ना. लोक बघतायत. अर्धा तास राहिला फक्त.”

“चुलीपुढे,” पिल्नाम म्हणाली.

“काय?”

“चुलीपुढे उभी राहिले म्हणून खोकते, एवढं तरी कळतंय तुम्हाला.”

“आता इथे हे काय काढलंस? आजच्या दिवशी?”

“सुनदॉकताईचं आडनाव काय होतं?”

“हे काय मधेच?”

“आडनाव. अठ्ठावीस वर्षं तिने तुम्हाला जेवू घातलं. तिच्या मयतीला तुम्ही दोन वाट्या रस्सा पिऊन आलात आणि तिथेही डोंगराच्याच गप्पा मारल्यात. सांगा तिचं आडनाव.”

“मला... किम असेल. अगं, मी काय सगळ्यांची...”

“मा. मा सुनदॉक. अर्जाच्या खाली लिहिलंय तिने. तिन्ही अर्जांच्या खाली. तुमच्या लाल शाईच्या अगदी वर.”

वारा कठड्यातून शीळ घालत गेला. दुमानचा हात आपोआप पिशवीच्या पट्ट्यावर गेला आणि तिथेच राहिला. त्याच्या मानेपासून लाली चढत गेली.

“तू माझी खोकी उघडलीस.”

“तुमचा पट्टा शोधायला. तुम्हीच पाठवलंत.”

“हे बघ, पिल्नाम.” तिला नावाने त्याने कितीतरी वर्षांत हाक मारली नव्हती. “तुला त्यातलं काही कळत नाही. ते कागद फाडून टाकायला सांगितलं होतं मला. वरून. ताई आजारी पडल्याचं कळलं त्याच आठवड्यात. मी फाडले नाहीत. दुसऱ्या कुणी फाडले असते. मी ठेवले!”

“कुणासाठी ठेवलेत?”

त्याने पिशवीचा पट्टा आवळला.

“नाही, सांगा ना. कुणासाठी? दाउन घरी आली, समोर बसली. पोरीचा चेहरा एवढासा झाला होता. तिला चहा दिलात, कागद कॅलेंडरात. माझ्या फुप्फुसात डाग निघाला. मला सफरचंद दिलंत, कागद कॅलेंडरात. आता आणखी कोण मरायचं राहिलंय, म्हणजे ते बाहेर निघतील?”

“हळू बोल.”

“नाही बोलणार हळू! एकोणीस वर्षं हळू बोलले. साहेब म्हटलं तुला. व्हरांड्यात वाकले तुझ्यापुढे.” ‘तू’ तिच्या तोंडून गेला आणि तो परत घ्यावा असं तिला वाटलं नाही. “त्याच वर्षांत फाटकावर नवा दगडी फलक बसला की नाही? संस्थेच्या अध्यक्षांचा पुतळा बसला. त्याला निधी होता. पंख्याला नव्हता. तुझीच बायको त्या धुरात उभी आहे हे माहीत होतं तुला. लिहिताना एकदा तरी हात थांबला का रे? चौथी सही वाचलीस की नाही?”

दुमान कठड्याला टेकला. खालून चढणारी दोन माणसं त्यांच्याजवळून जाताना गप्प झाली आणि नजर वळवून पुढे गेली. तो म्हणाला, “वाचली.”

तो खोटं बोलेल असं तिला वाटत होतं. नाही वाचली म्हणेल, लक्षात नाही म्हणेल. त्याच्यासाठी तिने मनात उत्तर जुळवून ठेवलं होतं.

“कुठे आहेत कागद?” त्याने विचारलं.

“किमचीच्या फ्रिजमध्ये, लोणच्याच्या तळाच्या डब्याखाली. तुझा हात तिथे कधी पोचत नाही.”

“चल, खाली जाऊ. घरी बोलू.”

“मी वर जाणार आहे.”

“तुला श्वास लागतोय!”

“माझा आहे. मी बघीन.”

ती उठली. त्याने तिची पिशवी घेण्यासाठी हात पुढे केला तेव्हा तिने काठी मधे धरली. वीस पायऱ्या, थांबा. मग पंधरा. मग दहा. रागाने चढता येतं हे तिला नव्यानेच कळत होतं. रागाला फुप्फुसं लागत नाहीत. एका ठिकाणी ती दगडावर बसली आणि तिला रडू येईल असं वाटलं, पण आला तो खोकलाच. तो ओसरेपर्यंत बसून राहिली आणि पुन्हा निघाली. अर्ध्या तासाच्या वाटेला तिला दीड तास लागला.

शिखरावर वारा एवढा होता की माणसं वाकून उभी होती. नावाच्या दगडापुढे फोटोसाठी रांग लागली होती, चाळीसेक माणसांची. दुमान तिच्या मागोमाग येऊन रांगेत उभा राहिला. रांगेतल्या कुणीतरी जाकिटं बघून विचारलं, “जोडीने आलात वाटतं?” आणि तो सवयीने म्हणून गेला, “लग्नाचा वाढदिवस. पस्तिसावा.” मग बातमी रांगेतून पुढे सरकत गेली. त्यांची पाळी आली तेव्हा लोक टाळ्या वाजवत होते. एक पोरगी ओरडली, “काका, काकूंना उचलून घ्या!” हशा झाला.

दुमानने पिशवीत हात घातला आणि फलकाची गुंडाळी काढली. ती त्याने उलगडली नाही. हातात धरून तो पिल्नामकडे बघत राहिला. लोकांना वाटलं लाजतोय. टाळ्या वाढल्या.

पिल्नामने मोबाइल काढला होता. दगडाच्या शेजारी उभं राहून ती दाउनचा नंबर लावत होती.

“दाउन? पिल्नाममावशी बोलतेय. वारा आहे, नीट ऐक. तुझ्या आईचे अर्ज सापडले. तीन. हो, तिच्याच हातचे. माझी सही आहे त्यावर. शेरा आहे. तुझ्या काकांचा.” पलीकडून पोरीने काहीतरी विचारलं. “हो, त्यांच्याकडेच होते. नाही, गहाळ नव्हते झाले. काका खोटं बोलले तुझ्याशी. मी पण गप्प बसले. सोमवारी सकाळी तुझ्या दाव्याच्या कार्यालयापाशी ये, मी घेऊन येते... रडू नकोस. रस्त्यात आहेस का? आधी कडेला उभी राहा.”

टाळ्या एकेक करून थांबल्या होत्या. फोटो काढणाऱ्या माणसाला काय करावं कळेना, म्हणून त्याने बटण दाबलं. त्या फोटोत ती कानाला मोबाइल लावून वाऱ्यात डोळे बारीक करून उभी आहे आणि तीन हातांवर दुमान, छातीशी कापडाची गुंडाळी धरून. कुणाकडे बघतोय ते कळत नाही.

उतरायला पाच तास लागले. खालच्या हॉटेलात मंडळाच्या मित्रांनी टेबल राखून ठेवलं होतं, केकही पाठवला होता. दुमान आत जाऊन मालकाशी काहीतरी बोलला आणि परत आला. गाडीत बसल्यावर त्याने किल्ली फिरवली नाही. चाकावर दोन्ही हात ठेवून समोरच्या काचेशी बोलल्यासारखा म्हणाला,

“वरच्यांना नाही म्हटलं असतं तर नोकरी गेली असती. आपल्या पोरीचं, हेरिमचं, कॉलेज चालू होतं. ती शिकत होती.”

“ताईलाही मुलगीच होती,” पिल्नाम म्हणाली. “ती पण शिकत होती.”

त्याने किल्ली फिरवली.

रविवारभर तो अंगणात बसून बूट पुसत होता. सोमवारी सकाळी तिने किमचीच्या फ्रिजमधून कागद काढले, त्यांना लसणाचा वास लागला होता. प्लास्टिकच्या पिशवीत घालून तिने ते कोटाच्या आतल्या खिशात ठेवले. दुमान दारात उभा होता. कुठे निघालीस असं त्याने विचारलं नाही. “मी सोडू का?” एवढंच म्हणाला.

“बस आहे,” ती म्हणाली.

कार्यालयात खिडकीमागे चष्मेवाली तरुण मुलगी होती. तिने तिन्ही कागद पुन्हापुन्हा उलटून पाहिले. दाउन पिल्नामच्या बाहीला धरून उभी होती, लहान मुलीसारखी.

“हा शेरा कुणाचा?”

“माझ्या नवऱ्याचा.”

मुलीने मान वर केली. “ते येऊन तसं सांगतील का? अक्षर त्यांचंच आहे म्हणून?”

“माहीत नाही,” पिल्नाम म्हणाली. “नाही आले तर मी सांगीन. पस्तीस वर्षं ते अक्षर वाचतेय.”

मुलीने कागदांच्या प्रती काढल्या, शिक्के मारले. दाउनने सही केली. मुलगी आता पुढच्या नंबराला हाक मारणार, तेवढ्यात पिल्नामला खोकला आला. ती तोंडावर रुमाल धरून बाजूला वळली. तो थांबेपर्यंत खिडकीतली मुलगी तिच्याकडे बघत होती. मग तिने टेबलाच्या खणातून दुसरा कोरा अर्ज काढला आणि काचेखालून हळूच पुढे सरकवला.

“तुम्ही पण त्याच स्वयंपाकघरात होता ना?”

पिल्नामने अर्ज उचलला. भिंतीशी खुर्च्या होत्या, त्यातल्या एकीवर ती बसली, गुडघ्यावर पिशवी आडवी घेतली आणि तिच्यावर अर्ज ठेवला. नाव लिहिलं. जन्मतारीख लिहिली. पुढच्या चौकटीत विचारलं होतं, कामाचं स्वरूप. तिने लिहिलं, ‘स्वयंपाक.’ थोडा वेळ त्या शब्दाकडे बघितलं. मग तो एका सरळ रेघेने खोडला आणि चौकट लहान पडली तरी कडेच्या कोऱ्या जागेत, दाबून, मोठ्या अक्षरात लिहिलं: ‘रोज सातशे वीस मुलांचं जेवण.’